दलवाई फक्त झोडपायला?

मंडळी, "मुसलमानांत एक तरी सुधारक झाला का हो?" हा प्रश्न आमच्या वाशीमच्या कट्ट्यावर हटकून निघतो. आणि विचारणाराच पाच मिनिटांनी हमीद दलवाईंचे नाव घेतो... तेही इतरांना झोडपायला!

१८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. मोर्च्यात मुस्लिम महिला किती? सात! २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच जोतीराव फुले आहेत. हेच दलवाई हिंदू जातीयवादालाही तितकेच फटकारत, ते मात्र कट्ट्यावर कुणाला आठवत नाही. सोयीस्कर विसर, दुसरे काय!

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तलाक अवैध ठरवला, तेव्हा माझ्या मोबाइलवर अभिनंदनाच्या संदेशांचा पाऊस पडला. त्या सात जणींचा उल्लेख एकातही नव्हता.

तिकडे इंडोनेशियात अहमद दहलान यांनी १९१२ साली मुहम्मदिया ही संघटना काढली. धर्मात राहूनच त्यांनी शाळा आणि दवाखाने उभारले. १९१७ पासून बायकांची वेगळी शाखा, आयशिया. तिला समाजाचा आधार मिळाला. दलवाई धर्मचिकित्सा करत, म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांना दूर ठेवले. ते कारण कळते. पण आपण? मंगरूळपीरच्या दर्ग्यावर आपली माणसे नवस फेडायला जातात, तिथे परके वाटत नाही. मग मंडळाला दहा रुपये वर्गणी कट्ट्यावरच्या कितीजणांनी दिली, तेवढे सांगा.