गाडी आपली, पण भाडे कोणाच्या हातात?



२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला, पण बाजार समितीत बहुतेकांच्या पदरात तेवढे पडले नाहीत. कांद्याचे तर विचारूच नका. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली, आणि तोवर चाळीतला माल आणि घरातली उमेद दोन्ही सडली. अशा घरात पंचविशीचा मुलगा परवाना काढून बसलेला असतो. मग एक दिवस विषय निघतो, "शेतीत काही राम नाही, एखादी गाडी टाकू."

गाडी टाकायला आमचा विरोध नाही. गावाला ट्रकवाला लागतोच, आणि स्वतः स्टेअरिंगवर बसणारा मालक ड्रायव्हर ठेवणाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त वाचवतो हेही खरे. पण गावात फिरताना जो तो एकच विचारतो, "साहेब, कोणत्या कंपनीची घेऊ? सहा चाकी का दहा चाकी?" गाडी लावणार कुठे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. शोरूमवाला गाडी विकून मोकळा होतो, फायनान्सवाला हप्ता बांधून मोकळा होतो. पुढची चार-पाच वर्षे आपला संसार चालतो तो भाडे देणाऱ्याच्या मर्जीवर. तेव्हा आधी तो माणूस पारखा, मग चॅसिस बुक करा.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपल्या भागातले आपण घालून पाहा. दहा चाकी गाडीचे मालासह एकूण वजन जुलै २०१८ च्या नियमाने २८.५ टनांपर्यंत चालते (त्याआधी २५ टन होते). गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता साधारण १८ टन माल बसतो असे धरा. कर्ज २० लाख, मुदत चार वर्षे, व्याज १० टक्के.

इथेच पहिली मेख आहे. हे १० टक्के घटत्या बाकीवर असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे ५०,७०० रुपये येतो. तेच १० टक्के "फ्लॅट" असेल, म्हणजे चारही वर्षे पूर्ण २० लाखांवर व्याज, तर हप्ता ५८,३०० च्या पुढे जातो. चार वर्षांत फरक साडेतीन लाखांवर. दर दोन्हीकडे १० टक्केच सांगतात! म्हणून दर विचारू नका, "एकूण किती रुपये भरायचे" ते कागदावर लिहून मागा.

आता फेरी. ३०० किलोमीटरवर माल न्यायचा, भाडे टनाला १,१०० रुपये, म्हणजे १९,८०० रुपये. येताना गाडी रिकामी. भरलेली गाडी लिटरला ४ आणि रिकामी ५ किलोमीटर धरली व डिझेल ९० रुपये धरले, तर डिझेल १२,१५० रुपयांचे. टोल १,५००, स्वतःचा खर्चपाणी १,०००, पाच टक्के कमिशन ९९०, वाराई ६००. हातात राहिले ३,५६० रुपये. महिन्याला दहा फेऱ्या मारल्या तरी ३५,६०० रुपये. हप्तासुद्धा निघाला नाही, आणि टायर, विमा, पासिंग अजून बाकीच आहे.

तीच गाडी अशा ट्रान्सपोर्टकडे लावली जिथे परतीचे भाडे मिळते, भले कमी, टनाला ७०० रुपये. दोन्ही बाजूंचे मिळून ३२,४०० रुपये झाले. डिझेल १३,५००, टोल तोच, एक दिवस जास्त मोडतो म्हणून खर्चपाणी १,५००, कमिशन १,६२०, वाराई दोनदा १,२००. उरले १३,०८० रुपये. परतीच्या मालासाठी थांबावे लागते म्हणून फेऱ्या आठच धरू. तरी महिन्याला १,०४,६४० रुपये झाले. हप्ता भरून ५३ हजारांवर उरतात, त्यातून टायर-विम्याची सोय होते. गाडी तीच, माणूस तोच, रस्ताही तोच आहे. म्हणून जाण्याच्या भाड्यात टनाला पन्नास रुपये जास्त देतो म्हणून भुलू नका. येताना काय देतो ते विचारा.

दुसरा प्रश्न पैसे कधी मिळतात याचा. बुकिंग ऑफिसमधून सुटा माल उचलला तर बरेचसे भाडे आगाऊ मिळते आणि बाकी पोच पावती आल्यावर. कंपनीच्या कामाला कायमची लावलेली गाडी मात्र बहुधा बिलावर चालते, आणि बिल महिना-दीड महिन्याने निघते. वरच्या हिशेबाने दीड महिन्यात १२ फेऱ्या होतात. त्यांचे नुसते डिझेल १,६२,००० रुपयांचे. ही रक्कम जवळ नसेल तर पंपावरची उधारी सुरू होते, किंवा ट्रान्सपोर्टवालाच त्याच्या पंपावर डिझेल देतो आणि बिलातून कापतो. त्या कापण्याचा हिशेब लिटर आणि दर लिहून महिन्याच्या महिन्याला हातात मिळाला पाहिजे. "शेवटी बघू" म्हणणाऱ्याकडे गाडी लावू नये.

उद्यम नोंदणी करून ठेवा, तिला पैसे पडत नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कराराने ठरले तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाहीत, उशीर झाला तर व्याज द्यावे लागते, असे २००६ चा कायदा सांगतो आणि तक्रारीसाठी परिषदही आहे. एका गाडीवाल्याने मोठ्या कंपनीशी भांडणे सोपे नसते हे मान्य. पण करार करतानाच "आमची उद्यम नोंदणी आहे" असे सांगितले की समोरचा जरा जपून बोलतो. तसेच दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाने पॅन नंबर आणि तसे लेखी दिले, तर भाड्यातून आयकर कापला जात नाही. हा कागद न दिल्याने कित्येकांचे पैसे उगाच अडकतात.

ट्रान्सपोर्टवाला खरा की खोटा हे कसे ओळखावे? २००७ च्या रस्ते माल वाहतूक कायद्याने ट्रान्सपोर्टवाल्याला, माल बुक करणाऱ्या एजंटालासुद्धा, नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक बिल्टीवर आहे का पाहा. बिल्टीशिवाय, नुसत्या फोनवर माल भरायला सांगणारे पुष्कळ आहेत. वाटेत माल कमी भरला, भिजला किंवा पकडला गेला तर असा माणूस फोन उचलत नाही आणि तूट आपल्या भाड्यातून जाते.

ओव्हरलोडचेही तसेच. "चार टन जास्त टाक, काही होत नाही" असे सांगणारा दंडाच्या वेळी काट्यावर उभा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड कायद्यात आहे. चार टनांना २८ हजार झाले. वरच्या हिशेबातल्या दोन फेऱ्यांची कमाई गेली, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळाले ते वेगळेच.

आता उसाच्या भागातील बंधूंसाठी. इथे गाडी ट्रान्सपोर्टकडे न लावता कारखान्याला लावतात आणि धोका निराळा असतो. वाहतुकीचा करार करताना गाडीमालकाच्या नावावर उचल निघते, ती मुकादमाला द्यायची, मुकादमाने टोळी आणायची. टोळी आली नाही, किंवा आली आणि पंधरा दिवसांत रातोरात निघून गेली, तर कर्ज कोणाच्या नावावर? गाडीमालकाच्या. पश्चिम महाराष्ट्रात यापायी कितीतरी वाहतूकदारांनी जमिनी विकल्या, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. तोडणी मजुरांची बाजूही आहे, त्यांचे मुकादमाकडून होणारे हाल कमी नाहीत, पण तो विषय मोठा आहे.

उचल घेताना इतके तरी पाहा. कर्ज बँकेने मंजूर केल्याचे पत्र आपल्या हातात हवे आणि रक्कम आपल्याच खात्यावर आली पाहिजे. कोऱ्या अर्जावर, कोऱ्या धनादेशावर सही नको. मुकादमाला सगळी रक्कम एकदम आणि रोख देऊ नये. खात्यावर, हप्त्याहप्त्याने, किती कोयते आले ते पाहून द्यावी. मुकादमाच्या गावी एकदा स्वतः जाऊन यावे, तिथल्या पोलीस पाटलाला, सरपंचाला भेटावे. एक दिवसाची खोटी होते, पण आधी कोणाची उचल बुडवली असेल तर ते तिथेच कळते.

आणखी एक. कारखान्याचे काम साधारण नोव्हेंबर ते मार्च. २०२५ मध्ये तर मार्च संपेपर्यंत राज्यातले बहुतेक कारखाने बंद झाले होते. हप्ते मात्र बारा. यार्डात नंबर लागायला चोवीस-चोवीस तास गाडी उभी राहते, ते दिवसही यातच धरायचे. उरलेल्या सात महिन्यांचे काम आधी हातात नसेल तर नुसत्या कारखान्याच्या भरवशावर नवी गाडी घेणे आमच्या मते चूक आहे. त्यापेक्षा जुनी, कर्ज नसलेली गाडी बरी. फक्त ती नोटरीवर घेऊ नका, आरसी बुकावर नाव चढवून घ्या. विकणाऱ्यानेही नाव उतरवल्याशिवाय गाडी सोडू नये. अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या मालकाकडून मागितली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

लहान गाडीवाल्यांना एक दिलासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की ७,५०० किलोपर्यंतची मालाची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. भाजीपाला, दूध, फुले वाहणाऱ्या पिकअपवाल्यांचा विम्याचा घोर त्यामुळे कमी झाला. दहा चाकीला मात्र जड वाहनाचाच परवाना पाहिजे.

ट्रकला अनुदान आहे का, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टर-अवजारे आहेत, ट्रक नाही. फलोत्पादन अभियानात शीतवाहनाला अनुदान आहे, साध्या गाडीला नाही. महामंडळाच्या व्याज परताव्याचा आधार घेणार असाल तर आधी हप्ता वेळेवर भरावा लागतो, मग व्याज परत येते. हप्ता चुकला की परतावाही गेला.

ग्रामपंचायत आणि महसूलच्या मंडळींना एक विनंती. गाडीच्या कर्जासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवण्याचा कागद येतो तेव्हा तलाठी भाऊसाहेबांनी त्या शेतकऱ्याला दोन मिनिटे बसवून विचारावे, "गाडी तारण आहेच, मग जमीन कशाला देतोस?" पुष्कळदा त्याला स्वतःलाच माहीत नसते. जामीन राहणाऱ्या भाऊबंदांनाही हेच सांगावे, की जामीन म्हणजे नुसती सही नव्हे. कर्जदाराने हप्ता भरला नाही तर तो तुमच्याकडूनच वसूल होतो.

गाडी लावण्याआधी त्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात दोन दिवस जाऊन बसा. मालकाच्या केबिनमध्ये नव्हे, बाहेर चहाच्या टपरीवर. तिथे उभ्या असलेल्या पाच गाडीवाल्यांना विचारा: मागचे बिल कधी मिळाले, काय काय कापले, परतीचा माल किती दिवसांनी भरला. नवऱ्या मुलाची चौकशी आपण असेच करतो, पाहुण्यांना न विचारता शेजाऱ्यांना विचारतो. आणि यार्डातल्या गाड्यांचे टायर पाहा. सगळ्याच गाड्यांना गुळगुळीत टायर असतील, तर त्या मालकांच्या हातात किती पैसे उरतात ते वेगळे विचारायला नको.