शास्त्र कामगाराचे, भाषा मुकादमाची

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला वर्तनवाद निराळा शिकवावा लागत नाही. ठराविक नग पुरे झाले की पैसे, पुन्हा तितकेच नग, पुन्हा पैसे. हा क्रम माणसाला थकेपर्यंत राबवून घेतो, हे त्याचे हात जाणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सूत्ररूपाने मांडले. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरते दबते, सुधारत नाही, हाही त्यांचाच निष्कर्ष. दंड आणि निलंबन यांच्या धाकाखाली राबणाऱ्याने तो उचलून धरावा, असाच आहे.

मग हे शास्त्र आपल्याला परके का वाटते? दोष बराचसा शास्त्रज्ञांच्या बोलण्याचा आहे. उंदीर व कबुतरे यांच्यावरील प्रयोगांतील 'नियंत्रण', 'प्रबलन' ही परिभाषा त्यांनी जशीच्या तशी माणसांपुढे ठेवली. १९७१ साली तर स्किनर यांनी 'स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या पलीकडे' अशा अर्थाचे नाव पुस्तकाला दिले. माणसाला दोष देत बसण्यापेक्षा त्याला घडविणारी परिस्थिती बदला, हे त्या पुस्तकाचे सांगणे समाजवाद्याला मुळीच नवे नाही. परंतु ज्या समाजात १९२७ साली माणुसकीच्या हक्कासाठी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, त्याने असे शीर्षक ऐकताच पाठ फिरविली तर नवल कसले? जी प्रतिष्ठा अद्याप पदरी पडलेली नाही, तिच्या पलीकडे जायचे कसे?

अर्थात, सारा वाद शब्दांचाच आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. माणसाची भाषा केवळ बक्षिसांनी घडत नाही, हा चॉम्स्की यांनी १९५९ साली घेतलेला आक्षेप मूलगामी होता. शिवाय बक्षिसाची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. त्यावर स्किनर यांनी 'प्रतिनियंत्रणा'ची, म्हणजे ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांनी सत्ताधाऱ्यांना आवर घालण्याची, कल्पना मांडली होती. आपली कामगार संघटना याहून निराळे काय करते? परंतु हा शब्द कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. तेथे पोहोचले ते 'नियंत्रण', आणि तेही व्यवस्थापकाच्या तोंडून.

कार्यकर्त्यांनी यातून स्वतःपुरता बोध घ्यावा. आपणही चाळीतल्या सभेत 'वर्गजाणीव' आणि 'द्वंद्वात्मकता' ऐकवतो, आणि लोक उठून गेले की त्यांनाच अज्ञानी ठरवतो. ऐकणाऱ्याचा अनुभव ज्या भाषेत सामावत नाही, तिच्यातले सत्यही त्याला हुकूमच वाटते.