बुडणाऱ्याला हात देण्यासाठी धाडस पुरत नाही

सुरतेच्या दक्षिणेकडील उधना हा यंत्रमागांचा आणि कारखान्यांचा परिसर. जळगाव-भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक विसर्ग झाला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तथापि उधना-लिंबायतच्या रहिवाशांना वारंवार छळतात त्या काकरा, भेदवाड आणि मिठी या खाड्या. तापी शांत असतानाही वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला की त्या फुगतात. सुरतेत या संकटाला 'खाडीपूर' असे नावच पडले आहे. जून २०२५ मध्ये शहराने त्याचा पुन्हा अनुभव घेतला.

अशा वेळी अग्निशमन दल पोहोचेपर्यंत जे काही घडते, ते शेजाऱ्यांच्या हातून घडते. बुडणाऱ्याचा श्वास थांबल्यावर अवघ्या काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणूनच स्थानिक स्वयंसेवकांच्या पथकाला पर्याय नाही. प्रश्न त्यांच्या धाडसाचा नसून प्रशिक्षणाचा आहे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून अधिक ग्रामस्थांचा बळी गेला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. धुळ्याहून आलेल्या पथकातील तीन जवान त्यात मृत्युमुखी पडले. प्रशिक्षितांवर अशी वेळ येते, तर केवळ पोहता येते म्हणून उडी घेणाऱ्या तरुणाचे काय, हा प्रश्न अटळ ठरतो.

जलबचावाचा पहिला धडा पाण्यात न उतरण्याचा असतो. आधी काठी पुढे करावी, मग दोर वा तरंगणारी वस्तू फेकावी, त्यानंतर बोट. उडी हा शेवटचा उपाय. पाणबुड्याचे काम याहून कठीण. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. हाताने चाचपडत, दोराने काठाशी बांधलेल्या अवस्थेत ठरावीक पट्ट्यांत शोध घ्यावा लागतो. काठावरचा जोडीदार दोराच्या झटक्यांवरून संकेत ओळखतो. उधन्यासारख्या औद्योगिक भागातील खाडीत सांडपाणी आणि रसायनेही असतात. तेथे संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि अंगभर संरक्षक पोशाख अत्यावश्यक ठरतो. जीव वाचण्याची आशा संपल्यानंतर मृतदेहासाठी घाई करून आणखी एक जीव धोक्यात घालायचा नाही, हा निर्णयही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये 'आपदा मित्र' योजना पूरप्रवण ३० जिल्ह्यांत सुरू केली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्यसंच आणि विमा यांची त्यात तरतूद आहे. परंतु बारा दिवसांत पाणबुड्या घडत नाही. शिवाय सराव थांबला की कौशल्य गंजते. कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायद्यातील मदतकर्त्याचे संरक्षण रस्ते अपघातांपुरते मर्यादित आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे संरक्षण शासनाच्या वतीने काम करणाऱ्यांना मिळते. त्यामुळे स्वयंसेवकाची नोंदणी ही निव्वळ औपचारिकता राहत नाही.

उधन्यातील गणेशोत्सव मंडळांकडे तरुण कार्यकर्ते आहेत, गल्लीगल्लीची माहिती आहे. अशा मंडळांतून निवडक कार्यकर्ते घेऊन अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली दरमहा सराव झाल्यास पथके टिकू शकतील. ज्यांना पाण्यात उतरता येत नाही, त्यांच्याकडे दोर, प्रथमोपचार आणि गर्दीचे नियंत्रण सोपवता येईल.

गोव्यालाही हे लागू पडते. आपल्या किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी'चे जीवरक्षक आहेत. मात्र वाळवंटीचा पूर, पाण्याने भरलेल्या बंद खाणी, चिरेखाणी आणि धबधबे त्यांच्या कक्षेत पूर्णपणे येत नाहीत. पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, पण आदेश दोर फेकत नाही. पंचायत पातळीवर नोंदणीकृत, विमा उतरवलेली आणि नियमित सराव करणारी छोटी पथके उभारण्याचे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यायला हवे.