ताटाजवळचे गाणे

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची हकीकत सांगणे म्हणजे ऐन थंडीत पाहुण्यापुढे पन्हे ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. पण या सदराचे जे नेहमीचे वाचक आहेत त्यांना माझ्या अवेळीपणाची सवय झालेली आहे. शिवाय पुसदच्या माणसाला दिवाळीपर्यंत उन्हाळा विसरता येतो, हा समज पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा. आमच्या गावाभोवती डोंगर, मध्ये गाव, आणि कडेची पूस नदी मे महिन्यात केवळ नावापुरती उरलेली. दुपारी पारा ४३-४४ वर जाऊन बसला की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. संध्याकाळी सात वाजल्यानंतर मात्र सारे गाव एकदम बाहेर पडते. दिवसभर कूलरपुढे कोंडून घातलेली कुटुंबेच्या कुटुंबे कुठेतरी जायचे म्हणून निघतात आणि बहुधा खायच्याच ठिकाणी पोचतात.

आमच्या कुटुंबालाही ती लहर गेल्या मे महिन्यात आली. निमित्त एका फलकाचे होते. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक नवे उपाहारगृह झाले आहे. त्याच्या फाटकावर लिहिले होते : ‘उन्हाळी विशेष. शुक्रवार, शनिवार, रविवार. लाइव्ह म्युझिक. फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था.’

“लाइव्ह म्युझिक म्हणजे जिवंत संगीत ना?” मी म्हणालो, “म्हणजे इतर वारी मेलेले असते की काय?”

“अहो, मराठी कॉलेजात शिकवा,” सौ. म्हणाली. “आज शनिवार आहे आणि मी स्वयंपाक करणार नाही.”

कन्येने तेवढ्यात पायांत चपला चढवल्याच होत्या. नववीतल्या मुलीपुढे व्याकरण चालत नाही.

खरे सांगायचे तर माझी नाराजी फलकाच्या भाषेपुरती नव्हती. गाणे ही बसून, गप्प राहून ऐकायची गोष्ट आहे, अशा संस्कारात मी वाढलो. माझ्या वडिलांच्या पिढीने रेडिओही मान खाली घालून ऐकला. १९५२ साली सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा बुधवारी रात्री रेडिओ असलेल्या हॉटेलाबाहेर लोक उभे राहून ती ऐकत, असे ते सांगायचे. आत एक चहा चौघांत चालायचा, पण गाणे लागले की बशीचा आवाज करणाऱ्याकडे लोक रागाने बघत. आणि इथे तर पनीरच्या भाजीबरोबर तोंडी लावायला गाणे!

आम्ही जाऊन बसलो. हिरवळीवर वीस-पंचवीस टेबले. दोन्ही टोकांना बैलगाडीएवढे दोन कूलर घरघरत होते. एका कोपऱ्यात लाकडी चौथरा, त्यावर एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला आणि मध्ये गाणारा. कूलरनी आपला एक षड्ज धरला होता. दुर्दैवाने तो गाणाऱ्याच्या षड्जाशी जुळत नव्हता. मुले टेबलांमधून पळत होती, वाढपी ओरडत होते. एक गृहस्थ भ्रमणध्वनीवर कोणाला तरी तुरीचे भाव विचारत होते आणि गाण्यामुळे ऐकू येत नाही म्हणून जास्तच मोठ्याने विचारत होते.

“पाहिलंस?” मी सौ.ला म्हणालो, “याला गाणं म्हणतात?”

“गाणं चांगलं आहे,” ती म्हणाली. “ऐकणारे वाईट आहेत.”

मी गाणाऱ्याकडे प्रथमच नीट पाहिले, आणि दुसऱ्याच क्षणी हातातले पदार्थांचे कार्ड तोंडासमोर धरले.

तो माझा विद्यार्थी होता.

त्याचे नाव सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल. अकरा वर्षांपूर्वी तो माझ्या बी.ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. युवक महोत्सवात सुगम गायनाचे बक्षीस घेऊन आला होता. नागपूरचा एक वाद्यवृंद त्याला बोलावत होता, तेव्हा सल्ला विचारायला घरी आला. मी त्याला चहा दिला आणि सल्लाही दिला. “गाणं पोटाला बांधू नकोस,” मी म्हणालो होतो. “एम.ए. कर, सेट दे, प्राध्यापक हो. गाणं छंद म्हणून ठेव. उद्या हॉटेलात गायची वेळ यायला नको.” ते वाक्य मला त्या रात्री शब्दन् शब्द आठवले, कारण मी त्या हॉटेलातच बसलो होतो आणि तो गात होता.

त्याने मला पाहिले होतेच. सुरेश भटांची गझल चालू होती. आमच्या अमरावतीच्या या कवीवर वऱ्हाडात कोणीही गाणारा आपला हक्क समजतो. दुसऱ्या शेराला तो अर्धी मात्रा अडखळला आणि सावरला. मग पलीकडच्या टेबलावरून एक चिठ्ठी चौथऱ्यावर गेली. त्याने ती वाचली, हसला आणि कोणा चिंटूसाठी वाढदिवसाचे इंग्रजी गाणे म्हणू लागला. साऱ्या हिरवळीने टाळ्या धरल्या. त्या रात्री सर्वांनी मिळून ऐकलेले ते एकच गाणे. मला माझ्या भाकरीचा घास गिळेना.

बरोबर दहाला गाणे थांबले. उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा २००० सालच्या नियमांचा धाक. मालक गल्ल्यावरून आमच्या टेबलाशी आले. “जेवण बराबर झालं ना जी, सर? गाणं आवडलं ना? आपल्याच गावचा पोरगा हाय. कॉलेजात शिकवते तो.”

मागून तो आला. वाकून नमस्कार केला. “सर, येणार हे आधी कळलं असतं तर…”

“तर काय केलं असतंस?”

“आज आलोच नसतो.”

सौ.ने त्याला खुर्ची दिली. तो काठावर बसला आणि मी न विचारता सांगू लागला. एम.ए. झाले, सेट झाली. तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सहा वर्षे तो मराठी शिकवतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्यावेत तितक्यांचे मानधन. “एप्रिलच्या मध्याला तास संपतात, सर. तास नाहीत तर पैसे नाहीत. पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक, त्यात ऑगस्ट उजाडतो. झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते कोणी सांगत नाही. इथं दहा वाजता गाणं संपतं, सव्वादहाला आठशे रुपये हातात पडतात. जेवण वेगळं.”

“आणि ते वाढदिवसाचं गाणं?”

“रोज दोनदा म्हणावं लागतं, सर,” तो हसून म्हणाला. “पण बाकीची अठरा गाणी मी निवडतो. वर्गात अभ्यासक्रम मी निवडत नाही.”

माझ्या जुन्या सल्ल्याची आठवण त्याने करून दिली नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात कुठून आली कोण जाणे. मी ती शिकवल्याचे मला स्मरत नाही.

आता आपण दोघांनी ‘उन्हाळ्याची सुट्टी’ हा शब्द उच्चारला तर तो एकच शब्द आहे का, असा भाषेचा प्रश्न मला घरी परतताना पडला. माझ्या सुट्टीचा पगार एक तारखेला खात्यात जमा झाला होता, आणि त्यातूनच मी जेवणाचे बिल दिले होते. त्याची सुट्टी म्हणजे चुलीचीच सुट्टी. ज्याला मी प्रतिष्ठेची नोकरी म्हटले तिने त्याला मे महिन्यात वाऱ्यावर सोडले होते, आणि ज्याला मी अधोगती म्हटले त्या हॉटेलाने रात्रीच्या रात्री रोख पैसे मोजले होते.

झोप येईना. जेवताना गाणे ऐकणे हे परके आणि हलके, असे मी इतकी वर्षे कशाच्या बळावर मानत होतो, ते तपासू लागलो. पहिली आठवण आली ती आजोळच्या पंगतीची. केळीच्या पानावर वाढणे चालू असताना कोणीतरी खड्या आवाजात श्लोक म्हणायचे. तो संपला की दुसऱ्या टोकाचा गडी उचलायचा, आणि मुंजीतल्या बटूलाही एक म्हणावाच लागायचा. म्हणजे ताटाशेजारी गाणे आपल्या घरातलेच. फरक इतकाच की तिथे जेवणाराच म्हणणारा होता आणि श्लोक संपेपर्यंत तूप वाढणाराही थबकायचा.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९३५ साली तिथल्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा आला आणि जेवायला आलेल्या साहेबलोकांना जाझ ऐकवू लागला. ते संगीत पुढे उचलले गोमंतकीयांनी. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या विद्येवर ही मुले व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन घेऊन पोटामागे मुंबईला आली. बार्देशातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच, जन्म १९१६. ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रसिकांत तो ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाला. १९५० आणि ६० च्या दशकांत चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, उपाहारगृहांतून असे ताफे वाजत. १९४९ चा दारूबंदीचा कायदा झालेला. पेल्यात उघडपणे काही नसे, पण कानांना वाद्ये मिळत.

हीच मंडळी दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसत आणि संध्याकाळी कोट चढवून हॉटेल गाठत. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांना चिक चॉकलेटची साथ होती; १९५१ चा ‘अलबेला’ त्या साथीचाच. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यमेळाची बांधणी केली. ज्या जुन्या गाण्यांसाठी आपण आज हळवे होतो त्यांच्या सुरांमागे हे हात होते, आणि त्यांतले किती तरी हात रात्री कोणाच्या तरी सूपाच्या वाटीशेजारी तयार झालेले होते. चिक चॉकलेट १९६७ साली वारला. तेव्हा त्या टेबलांवर बसलेल्यांपैकी कितीजणांनी काटा खाली ठेवून त्याला ऐकले असेल?

आणि नोकरीत राहून गाणे जपावे, या माझ्या सल्ल्याला आधार होता तो आमच्याच बाजूचा. पं. वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले आणि वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गायले. हे उदाहरण मी वर्गात किती वेळा दिले असेल! पण त्या नोकरीला बाराही महिने पगार होता, एवढे साधे कलम मी उदाहरणातून गाळत आलो होतो.

त्यानंतर आम्ही आणखी तीनदा तिथे गेलो. कूलरपासून दूरचे आणि चौथऱ्याजवळचे टेबल धरले. गाणे चालू असताना काही मागवायचे नाही आणि संपले की टाळी वाजवायची, असा नियम कन्येने घालून दिला. पहिल्या दिवशी आमच्या तिघांच्याच टाळ्या फार एकाकी वाटल्या. दुसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलाने साथ दिली. तुरीचे भाव विचारणारे गृहस्थ मात्र अखेरपर्यंत विचारतच होते. सगळी हिरवळ सुधारली असे सांगितले तर ती कथा होईल, आणि हे सदर कथांचे नव्हे. जूनमध्ये पाऊस आला, हिरवळीवर चिखल झाला आणि कार्यक्रम बंद पडला. त्याला नेमणूक मिळायला ऑगस्टच उजाडला. नाव छापून आले तर पुढल्या वर्षी तास जातील, म्हणून ते मघाशी सांगितले नाही.

येत्या पाडव्याला त्याला सपत्नीक फराळाला बोलावले आहे. “तबलाही आणायला सांगतो,” मी म्हणालो, “चार गाणी ऐकू घरी, शांतपणे.”

सौ. चकल्या तळत होती. तिने झारा बाजूला ठेवला. “आणि पैसे?”

“अगं, आपलाच विद्यार्थी. त्याला पैसे देणं बरं दिसेल का?”

“हॉटेलवाल्यानं दिले तेव्हा ते वाईट दिसले नाहीत.”

ओळखीच्या माणसाचे गाणे फुकट ऐकायचे, हा आपला मध्यमवर्गीय हक्क आहे, असे मी आजवर समजत होतो. मी मुकाट्याने कपाट उघडले. लग्नसराईतले एक पाकीट शिल्लक होते, वर रुपयाचे नाणे चिकटवलेले. त्यात किती घालावेत हे मी तिला विचारले.

“आठशेच्या खाली नको,” ती म्हणाली, “आणि फराळ वेगळा.”