बाग लावायला 10 हेक्टर, जळाली तर 2

मा. कृषिमंत्री आणि मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

अर्ज झाले, स्मरणपत्रे झाली. पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता चारचौघांत विचारतो: कोकणातली आंबा-काजूची बाग वणव्यात गेली, तर ती सरकारच्या कोणत्या खात्यात जमा होते?

फळपीक विम्यात ती बसत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजना अवेळी पाऊस मोजते, तापमानाचा चढउतार मोजते, वेगाचा वारा आणि गारपीट धरते. आग धरत नाही. गारपीट सोडली तर भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून आलेल्या वणव्यात काजूची साल बुंध्यापासून तडकत वर जाते, तेव्हा दोन कोसांवरच्या त्या केंद्रातला पारा जागचा हलत नाही. कागदोपत्री त्या दिवशी काही घडलेलेच नसते. भाताला मात्र पंतप्रधान पीक विमा योजनेत नैसर्गिक आगीपासून संरक्षण आहे. चार महिन्यांच्या पिकाला जे मिळते, ते चाळीस-पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या झाडाला का नाही?

आता मदतीचे निकष पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून बहुवार्षिक पिकांना केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांनुसार हेक्टरी 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत. दहा बाय दहा मीटरवर आंबा लावला तर हेक्टरी 100 कलमे बसतात. म्हणजे कलमामागे 225 रुपये. काजू सात बाय सातवर लावतात, हेक्टरी सुमारे 200 झाडे. झाडामागे जेमतेम 112 रुपये. पूर्ण उत्पन्नाला यायला हापूसचे कलम दहा-बारा वर्षे घेते. तेवढ्या वर्षांची बेणणी, खत, फवारणी, राखण या सगळ्याची किंमत सरकारने 225 रुपये केली आहे. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर राज्याने दर वाढवून हेक्टरी 50,000 केला, तेव्हाही आंब्याच्या झाडाला 500 रुपयेच पडत होते. रायगड-रत्नागिरीतल्या बागायतदारांनी तेव्हा उरावर दगड ठेवून ते घेतले.

आणि हेच सरकार बाग लावायला केवढे उत्साही! भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत 2018 पासून कोकणात 10 हेक्टरपर्यंत अनुदान आहे. तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी ते मिळते. पुढचे हप्ते हवे असतील तर झाडे जगण्याचे प्रमाण आधी 80 आणि मग 90 टक्के राखावे लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या पडीक जमिनीतून वणवा आला आणि अर्धी कलमे करपली, की हे प्रमाण राहात नाही आणि हप्ता जातो. झाड गेले ते गेले, वर ते जगवले नाही म्हणून दंडही शेतकऱ्यालाच. लावायला 10 हेक्टर, जळाल्यावर 2 हेक्टर. हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांनी एकदा मार्च महिन्यात आमच्या सड्यावर उभे राहावे.

तयारी सरकारला जमत नाही, असे नाही. मी नोकरीसाठी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहतो. राजापूर तालुक्यातली बाग भाऊ आणि वहिनी सांभाळतात. 20 मे 2020 ला अम्फान चक्रीवादळ आले तेव्हा दमदमला वाऱ्याचा वेग ताशी 133 किलोमीटर नोंदला गेला. इथल्या इमारतीत खिडक्यांच्या काचा धरून बसलो होतो. पण त्याआधी कितीतरी दिवस हवामान खात्याची पत्रके येत होती, किनाऱ्यावरची लाखो माणसे हलवली गेली होती. चौदाच दिवसांनी, 3 जूनला, निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा आपल्याकडेही वाड्या रिकाम्या करण्यासाठी यंत्रणा राबली. वादळाचा मार्ग शेवटपर्यंत बदलू शकतो. वणव्याचा हंगाम बदलत नाही. वन विभाग स्वतः 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा काळ मानतो. हंगाम माहीत, सडे माहीत, तरी तयारी शून्य.

मागच्या मोसमात गडग्याबाहेरच्या वाळल्या गवतातून आग आत आली. भाऊ, वहिनी आणि वाडीतली उरलीसुरली म्हातारी माणसे हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन ती झोडपत होती. तरुण मुंबईत. टाळा एका जागी मारला की वाऱ्याने आग चार हात पुढे पेट घ्यायची. बी धरलेले काजू डोळ्यांदेखत गेले. पुढे मदतीसाठी भाऊ एका कार्यालयात गेला, तर पहिला प्रश्न आला, "आग लावली कोणी?" राब भाजताना सुटलेली, गवतासाठी मुद्दाम लावलेली, शिकाऱ्यांची, विडीच्या थोटकाची, वाऱ्याने तारा घासून पडलेल्या ठिणगीची: यांतली कोणती, हे जळालेल्या बागेतल्या माणसाने सिद्ध करायचे? केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आग आहे. मग कारण सापडेपर्यंत शेतकऱ्याला का ताटकळत ठेवता?

रत्नागिरी जिल्ह्यात जंगल म्हणून दिसते ते बहुतांश खासगी मालकीचे आहे. राखीव वनात आग लावणाऱ्यावर 1927 च्या वन कायद्याचे कलम 26 चालते, आमच्या सड्यावर ते येत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहावरून 375 मीटरच्या तपशिलाने आगीचे ठिपके दिसतात. वाडीत ते ठिपके पाहून धावायचे कोणी, हे ठरलेले नाही.

उपाय आम्हाला ठाऊक आहेत. पाऊस सरला की गवत पिवळे पडायच्या आत बेणणी, आळ्यातला पातेरा दूर, गडग्याबाहेर दहा-बारा फुटांचा जाळपट्टा, आणि शेजारच्या सामायिक सातबाऱ्यावरच्या पडीक जागेतही तोच पट्टा, कारण आग तिथूनच येते. ती जागा पंधरा-वीस वारसांची, अर्धे मुंबईत. त्यांची संमती एकट्या बागायतदाराने कुठे शोधत फिरायची? लागवड योजनेत खड्ड्यांना, कलमांना, नांग्या भरायला पैसे आहेत. जाळपट्ट्याला द्या. रोजगार हमीत तो घ्या, ग्रामपंचायतीला पडीक जमिनीत पट्टा काढायचा अधिकार द्या, आणि दर वाडीला पाचोळा उडवायचे एक ब्लोअर द्या. वन खाते जाळरेषांवर तेच वापरते.

फळपीक विम्यात आग घ्या, आणि ती कोणत्याही कारणाने लागलेली धरा. "नैसर्गिक" एवढीच अट ठेवलीत तर कोकणातला एकही वणवा त्यात बसणार नाही. मदत झाडामागे द्या, झाडाच्या वयानुसार द्या. आणि आगीत गेलेली कलमे लागवड योजनेच्या टक्केवारीतून वगळा. यासाठी तर केंद्राकडे बोट दाखवायचीही सोय नाही, योजना राज्याची आहे.

गवत दिवाळीनंतर वाळते. जाळपट्ट्याचा शासन निर्णय त्याआधी निघाला तरच यंदा उपयोग आहे. फेब्रुवारीत काढलेल्या परिपत्रकावर आम्ही समाधान मानणार नाही, आणि यापुढे अर्ज टपालाने येणार नाहीत. बागायतदार स्वतः घेऊन येतील.

आपला,
एक आंबा-काजू बागायतदार
न्यू टाउन, कोलकाता