अंगठा उठवण्यात कमीपणा कसला?

आपल्या सीमाभागातील जुन्या मराठी घरांची एक खोड आहे. सरकारदरबारी हक्काचे काही मागायचे म्हटले की संकोच वाटतो. आणि ते मागताना सहीच्या जागी अंगठा उठवायची वेळ आली, तर मग मागणेच नको असे होते. गाणगापूर, अफझलपूर, आळंद, तिकडे बसवकल्याण, भालकी या पट्ट्यात कित्येक घरांकडे गावचे दप्तर होते. निजामाच्या अमलात सरकारी कामकाज उर्दूत चाले, घरचे हिशेब मोडीत, आणि 1 नोव्हेंबर 1956 नंतर कारभार कन्नडमध्ये गेला. भाषा तीनदा बदलल्या, पण 'आम्ही लिहिणारे लोक' हा अभिमान बदलला नाही. अशा घरात आजोबांच्या हाताला कंप सुटतो किंवा काकूंचा उजवा हात लकव्याने जातो, तेव्हा खरी पंचाईत होते. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द त्यांनी जन्मभर शिवी म्हणून ऐकलेला आणि वापरलेला असतो.

याचा परिणाम काय होतो तो पाहा. हात थरथरतो, तरी कोऱ्या कागदावर दहा वेळा गिरवून अर्जावर सही ठोकली जाते. अर्जावरची सही एक, बँकेतल्या नमुन्याची दुसरी, जुन्या शिधापत्रिकेच्या वेळची तिसरी. पुढे बँक म्हणते सही जुळत नाही. मग घरात चर्चा सुरू होते की आपण मराठी म्हणून आपला कागद मागे पडला. असे कुठे कुठे होतही असेल, नाही म्हणत नाही. पण जिथे अंगठ्याने काम झाले असते तिथे सहीचा हट्ट आपणच धरला, आणि खापर मात्र भाषेवर फोडले, हे या पानावर स्पष्ट सांगितले पाहिजे.

कायदा याबाबत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये 'सही' या शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत त्याने केलेली खूणही सहीतच धरावी, असे ती सांगते. ही तरतूद सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. शिकलेला आणि न शिकलेला असा भेद त्या व्याख्येत नाही. अक्षर येत नाही म्हणून लिहिता येत नसेल किंवा बोटे वळत नाहीत म्हणून, दोघांची खूण सारखीच. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी नियम आले. त्या नियमांतील अपंगत्वाच्या दाखल्याच्या अर्जात शेवटी अर्जदाराची सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा, असा सरळ पर्याय छापला होता. 1 जून 2021 पासून हे दाखले देशभर यूडीआयडीच्या संगणक प्रणालीतूनच देणे बंधनकारक झाले. तिथेही सहीचे किंवा अंगठ्याचे चित्र चढवता येते.

आता वैद्यकीय तपासणीकडे वळू, कारण आपल्या माणसांचे सर्वात मोठे नुकसान तिथे होते. अपंगत्वाचे प्रमाण कसे मोजावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केली. त्यांत हाताच्या समन्वयासाठी दहा कामे दिली होती आणि प्रत्येक कामाला 9 टक्के ठेवले होते. डोक्यावरची वस्तू उतरवून पुन्हा जागेवर ठेवणे, हाताने नाकाला स्पर्श करणे, हाताने जेवणे, केस विंचरणे, सदरा घालणे, तांब्याने धुणे, पाण्याचा पेला तोंडाला लावणे, गुंडी लावणे, नाडी किंवा धोतर बांधणे, आणि दहावे काम लिहिणे. ज्याला आपण घरात झाकून ठेवतो ते 'लिहिता न येणे' सरकारने स्वतः मोजायच्या यादीत घातले. कंपवात, स्नायूंचे आजार यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, पण तिथेही हात किती चालतो हे डॉक्टरांना पाहावे आणि विचारावेच लागते.

आणि आपण काय करतो? जिल्हा रुग्णालयात जायच्या दिवशी आजोबांना कोरे धोतर नेसवायचे, गुंड्या सूनबाईने लावून द्यायच्या, केस नातवाने विंचरायचे. डॉक्टरांनी विचारले, जेवता येते का, की आजोबा मान ताठ करून म्हणणार, येते की! घरी भाकरीचा तुकडा कोण मोडून देते हे सांगायचे नाही. कागद पुढे केला तर दात-ओठ खाऊन नाव काढायचे. पाहुण्यांसमोर हे शोभून दिसते, तपासणीच्या खोलीत त्याचे टक्के कमी होतात. राज्याचे अपंग वेतन 40 टक्क्यांपासून आहे. केंद्राच्या 2009 सालच्या इंदिरा गांधी योजनेला तर 80 टक्के लागतात, शिवाय दारिद्र्यरेषेची अट; आणि त्यात केंद्राचा वाटा 2012 पासून महिना 300 रुपयांवरच आहे, तो वेगळ्या अग्रलेखाचा विषय. सांगायचा मुद्दा असा की 40 च्या काठावर असलेल्या माणसाचा दाखला दोन-चार टक्क्यांनी हुकू शकतो, आणि मग पगार, रेल्वेची सवलत, नोकरीतले आरक्षण सगळेच हुकते. खोटे वाढवून सांगा असे कोणी म्हणत नाही. जे रोज घडते ते जसेच्या तसे सांगा, एवढेच.

लिहिता न येणे म्हणजे अज्ञान नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगून झाले आहे. 11 फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालातील अर्जदार वैद्यकीय पदवीधर होता. लिहायला घेतले की हात आखडे. आयोगाने लेखनिक नाकारला, कारण त्याचा आजार त्यांच्या ठरावीक यादीत बसत नव्हता. 40 टक्के अपंगत्व नसले तरी वाजवी सोय नाकारता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले, आणि त्यानुसार ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हा निकाल परीक्षेपुरता होता, नाडकचेरीतल्या अर्जाबद्दल नव्हता. पण 'वाजवी सोय' हा शब्द त्याच 2016 च्या कायद्यातला आहे आणि तो कायदा नाडकचेरीलाही लागू आहे. डॉक्टर होऊन लेखनिक मागणाऱ्याला लाज वाटली नाही, मग आपल्या आजोबांना का वाटावी?

बँकेचेही तसेच. आजारी, वृद्ध किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचाही ठसा घेता येतो, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले आहे. तेवढेही शक्य नसेल तर नुसती खूण चालते. दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेतला कारकून 'असे काही नसते' म्हणाला तर वाद न घालता व्यवस्थापकापुढे बसा आणि हा नियम सांगा. आधारबाबत डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने पुन्हा स्पष्ट केले की बोटांचे ठसे नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवर नोंदणी करावी, आणि दोन्ही शक्य नसेल तर अपवाद म्हणून त्यांशिवाय करावी. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या आणि मळणी यंत्रात पंजा गमावलेल्या माणसाला आपल्या तुरीच्या पट्ट्यात हा नियम माहीत असणे फार गरजेचे आहे.

आता लिहिणार कोण? अर्ज कन्नडमध्ये असतो. आजोबांना मराठी वाचता येते, कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. नातू कन्नड शाळेत शिकलेला, त्याला मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. त्यामुळे अर्ज भरायचा तर दोघांनी शेजारी बसल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि नेमके तेच घडत नाही. नातू एकटाच संगणकवाल्याकडे जातो किंवा कचेरीबाहेरच्या मध्यस्थाच्या हातात कागद देऊन मोकळा होतो. मध्यस्थ उत्पन्न आपल्या मनाने घालतो, आजार आपल्या मनाने घालतो, कधी 'काम पक्के व्हावे' म्हणून वाढवूनही घालतो. आजोबा घरी बसल्या बसल्या अंगठा उठवतात. लक्षात ठेवा, फसवणुकीने अपंगांचा लाभ घेणे किंवा घेऊ पाहणे याला 2016 च्या कायद्याच्या 91 व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही आहे. ठसा ज्याचा, चौकशी त्याच्या दारी येणार.

म्हणून एक रीत घराघरांत पडावी. लिहिणारा कोणीही असो, त्याने प्रत्येक ओळ अर्जदाराला मराठीतून वाचून दाखवावी, अर्जदाराने 'हो' म्हणावे, आणि मगच ठसा उठवावा. ठशाखाली लिहिणाऱ्याने आपले नाव, नाते आणि 'वाचून दाखवले' अशी नोंद करावी. अर्जाची एक प्रत घरी ठेवावी. घरातल्या ज्याला त्या पगारातून स्वतःचे काही साधायचे असेल, त्याने लेखणी हातात घेऊ नये. आधार देणारा आणि अपंग व्यक्ती यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध गेले तर आधार देणाऱ्याने बाजूला व्हावे, आणि अपंग व्यक्तीला तो आधार बदलता यावा, हे त्याच कायद्याच्या 13 व्या कलमात आहे. जमीन-वाटणीचे वाद असलेल्या घरांनी हे जरा दोनदा वाचावे.

घरात कोणी नसेल तर ग्रामपंचायतीचा पुनर्वसन कार्यकर्ता गाठा. बहुतेक ठिकाणी त्याला 'व्हीआरडब्ल्यू' म्हणतात, आणि तालुक्याला त्याच्या वरचा 'एमआरडब्ल्यू' असतो. हे कार्यकर्ते स्वतः अपंग असतात, मानधनावर काम करतात, आणि योजनांचे कागद करून देणे हे त्यांचे कामच आहे. ते कन्नड बोलतात म्हणून आपण त्यांच्याकडे जायचे टाळतो, हे बरे नव्हे. अर्ज दिला की सकाल कायद्याचा क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 2011 च्या या राज्य कायद्याने ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, अशी भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण क्रमांक असला की कागद हरवला असे कोणी म्हणू शकत नाही. अर्ज नाकारला गेला तर तक्रार मराठीतून करा. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने दिला आहे.

राहिली आपल्या संघटनेची गोष्ट. फलक, शाळा, सीमाप्रश्न यांवर ठराव करण्यात आपण कधी कमी पडलो नाही. अपंग वेतनाचा अर्ज मराठीतही छापून मिळावा, असा ठराव मात्र आपल्या कागदांत शोधावा लागेल. भाषिक अल्पसंख्याकांबाबत केंद्राने 1956 मध्ये काढलेल्या निवेदनात, जिथे ते लोकसंख्येच्या 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे म्हटले आहे. जनगणनेचे भाषावार आकडे काढून, आपले कोणते तालुके त्यात बसतात ते पाहून तहसीलदारांकडे आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे मागणी करावी. त्याच निवेदनात आणखी दोन गोष्टी घालाव्यात : अर्जातले चौकोन मोठे असावेत, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ऐकून स्वतः भरून घ्यावे. दुसरी मागणी कन्नड शेजाऱ्यांच्याही कामाची आहे, तेव्हा त्यांनाही सोबत घ्यावे. आणि ठराव मंजूर होईपर्यंत, कन्नड-मराठी दोन्ही येणारी चार तरुण मुले-मुली आठवड्यातून एक दिवस नाडकचेरीच्या व्हरांड्यात बसतील एवढे तर आपल्याला करता येईल. त्यासाठी शाईचा पॅड संघटनेने द्यावा.