वेगळ्या राज्याची किंमत

व्हर्जिनियाने 17 एप्रिल 1861 रोजी संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला, तेव्हा पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाने वेगळी वाट धरली. परंतु मूळ राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून नवे राज्य निर्माण करता येत नाही, ही घटनेची अट आडवी आली. व्हीलिंग येथील संघनिष्ठांनी आपलेच सरकार खरे व्हर्जिनिया सरकार असल्याचे घोषित केले आणि मे 1862 मध्ये त्याच्याच विधिमंडळाकडून संमती मिळवली. वादीनेच न्यायासनावर बसावे, तसा हा प्रकार!

सिनेटर वेटमन विली यांचे खरे कसब पुढेच दिसले. गुलामगिरी कायम ठेवणारे राज्य काँग्रेसला नको होते. विलींनी टप्प्याटप्प्याने मुक्तीची दुरुस्ती सुचवून विधेयक तारले. राज्याचे आद्य पुरस्कर्ते कार्लाइल यांनी मात्र त्याविरुद्ध मत दिले. तडजोडीचा भार कोणावर पडला? एकविसाच्या पुढील गुलामांना तिने काहीच दिले नाही. त्यांच्या बेड्या फेब्रुवारी 1865 मध्ये तुटल्या.

20 जून 1863 रोजी पश्चिम व्हर्जिनिया अस्तित्वात आले. जुन्या कर्जातील वाट्याचा तंटा मात्र सुटला नाही. 1915 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे 1 कोटी 24 लाख डॉलरचा बोजा नव्या राज्यावर टाकला. तो फिटला 1939 मध्ये.